कोटाची घडी आणि एकोणीस टक्के

आमचे हे छत्तीस वर्षं विक्रीकराच्या नोकरीत होते, आणि या छत्तीस वर्षांत यांच्या टेबलावरून एकाही व्यापाऱ्याचा परतावा सुखासुखी सुटला नाही. जास्त भरलेला कर सरकारनं परत द्यायचा, त्याला परतावा म्हणतात. तो कायद्यात नाही, असं हे कधीच म्हणाले नाहीत. पण अर्ज यांच्यापुढे आला की आधी त्याला आपत्ती लागायची; आमच्याकडच्या हिंदी कचेऱ्यांत हरकतीला आपत्ती म्हणतात. तारखेवर तारीख गिरवली, आपत्ती. सही चौकटीबाहेर गेली, आपत्ती. एकदा एका अर्जावर तेलाचा थेंब पडला होता, तर 'कागद स्वच्छ नाही' असा शेरा मारून परत पाठवला. बरं, लाच खात असते तर निदान लोकांना कळलं असतं की काय द्यायचं आणि कुठं द्यायचं. हे चहासुद्धा घरून थर्मासमध्ये न्यायचे. अशा माणसाचं व्यापाऱ्यांनी करायचं काय? आणि बायकोनं काय करायचं, ते तर कुणी विचारतच नाही.

बुऱ्हाणपुरात यांना सगळे प्रभाकरबाबू म्हणतात. समोर मान देतात, पाठ फिरली की हसतात. मी सगळं ऐकलंय. भाजीबाजारात माझ्या पाठीमागं दोन बायका बोलत होत्या, "ती बघ, आपत्तीवाल्या बाबूची बायको." मी वळून म्हटलं, हो, मीच ती आपत्ती. दोघी मेथीची जुडी तिथंच टाकून पसार झाल्या.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. माझा भाऊ निंबा, शाहपुरात त्याचं दुकान आहे, केळीच्या बागांना लागणारे पाइप, मोटारी, नळ्या विकतो. एका वर्षी त्याचा कराचा कागद एक दिवस उशिरा पोचला. एक दिवस. आदल्या दिवशी पोळा होता, शाहपुरात कोण कुठं हलतो पोळ्याच्या दिवशी? मी यांना म्हटलं, अहो, सख्खा मेहुणा आहे, तारीख काही बदलू नका, फक्त कारण समजून घ्या. हे डबा घेऊन कचेरीत गेले. संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "निंबाला दंड लागला. चहा ठेव."

चहा ठेवला मी. काय करणार? पण निंबा चार वर्षं भाऊबीजेला आला नाही. चार वर्षं मी ताट तयार करायची आणि चंद्राला ओवाळायची. पाचव्या वर्षी आला, पण तेव्हापासून यांच्याशी बोलतो ते हवापाण्याचं आणि केळीच्या भावाचं. त्या चार दिवाळ्यांचा राग माझ्या पोटात तसाच आहे. संसारात एवढंच मागितलं होतं मी, की एकदा, फक्त एकदा या माणसानं नियम सोडून माझ्या बाजूनं उभं राहावं.

दोन हजार सतराच्या मे महिन्यात हे रिटायर झाले, आणि जुलैत सगळे कर एकत्र होऊन जीएसटी आला. हे म्हणाले, "माझ्या जाण्याची वाट बघत होते." मे महिन्यातच सगळे व्यापारी येऊ घातलेल्या नव्या कराला शिव्या घालत होते, पण यांच्या निरोपाला झाडून सगळे हजर. भाईदास सेठनं तर स्वतःच्या हातानं हार घातला. कापडाचा मोठा व्यापारी, आणि यांनी त्याची परताव्याची फाइल अकरा वेळा परत केलेली. त्याला वाटलं असेल, सुटलो एकदाचा.

दुसऱ्या वर्षी आमची वंदना दुसऱ्या खेपेची बाळंत व्हायची होती. ती आणि जावई जर्मनीत एका लहानशा गावी राहतात. आम्ही तीन महिन्यांसाठी निघालो. आम्ही निघालो हे कळल्यावर भाईदास सेठ मुद्दाम घरी आला. पोहे खाल्ले, बशी खाली ठेवली आणि म्हणतो, "बाबूजी, सुना है वहाँ शॉपिंग करो तो टॅक्स वापस मिळतो. आम्हाला तर तुम्ही एक पैसा परत दिला नाही. आता गोऱ्यांकडून तुम्ही आणून दाखवा, मग मी मानीन."

हे म्हणाले, "कागद बरोबर असला तर कुठंही मिळतो, सेठजी. तुमचा कागद कधीच बरोबर नव्हता."

झालं. माणूस मुलीच्या बाळंतपणाला निघाला होता, तो आता मोहिमेवर निघाला.

जर्मनीचं मी काय सांगू? पोरगी झाली, गोड आहे, आजोबांसारखं कपाळ आहे, आठ्यांसकट. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, मोठ्या नातवाला शाळेत सोडायला हे जायचे आणि रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागेपर्यंत उभे राहायचे. तिथली सगळी माणसंही उभी राहायची. हे मला येऊन सांगायचे, "कुसुम, हा आपला देश आहे." मी म्हटलं, मग राहा इथंच.

निघायच्या आठवड्यात वंदना मला एका दुकानात घेऊन गेली. हेही आले. तिथं तो कोट होता. गर्द जांभळा, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत, आतून रेशमासारखं अस्तर. मी हात लावला आणि हात काढवेना. आयुष्यात कधी मला वस्तूचा असा मोह झाला नव्हता. किंमत दोनशे चाळीस युरो, म्हणजे आपले एकोणीस हजार. माझ्या भिशीचे पैसे होते, मी कुणाकडं मागत नव्हते. तरी हे म्हणाले, "बुऱ्हाणपुरात कोट? मे महिन्यात काय केळीच्या घडांना घालणार आहेस?"

वंदना म्हणाली, "बाबा, आई फिर से आएगी ना इथं, तेव्हा लागेलच." हे मान हलवत दाराकडं निघाले. तेवढ्यात त्या दुकानातली मुलगी इंग्रजीत काहीतरी बोलली आणि वंदनानं सांगितलं, "बाबा, ती विचारतेय, तुम्ही बाहेरच्या देशातले असाल तर टॅक्स रिफंडचा फॉर्म देऊ का? एकोणीस टक्के टॅक्स आहे यात. त्यांची फी कापून पंचवीस-सव्वीस युरो एअरपोर्टवर परत मिळतील."

हे दारातून परत फिरले. "घे," म्हणाले.

म्हणजे बघा, नवऱ्यानं बायकोला कोट घेऊ दिला तो कशामुळं? बायकोला आवडला म्हणून नाही. त्याला एक फॉर्म जोडलेला होता म्हणून. मला राग आला, पण कोट सोडायचा नव्हता, मी राग गिळला.

त्या रात्री जेवणं होईपर्यंत हे फॉर्मच वाचत बसले. वंदनाकडून एकेक ओळ समजून घेतली. सामान तीन महिन्यांत देशाबाहेर गेलं पाहिजे. पासपोर्टवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव एक पाहिजे. निघताना कस्टमच्या खिडकीवर सामान, पावती, फॉर्म दाखवून शिक्का घ्यायचा. आणि सामान वापरलेलं नसलं पाहिजे. तिकडं सगळे देश एकत्र झालेत, त्यामुळं शेजारच्या देशात घेतलं असतं तरी शेवटच्या विमानतळावर एकदाच दाखवायचं, हेही वंदनानं सांगितलं. हे खूश. प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्म, त्यात पावती, वर पासपोर्टची झेरॉक्स. कोट दुकानच्या कागदी पिशवीत तसाच, आणि मला ताकीद, "याला हात लावायचा नाही."

आता माझी चूक सांगते. चूक म्हणायची असेल तर म्हणा.

आमच्याकडं नवी साडी आली की आपण आधी नेसत नाही. जिच्यावर जीव आहे तिला म्हणतो, घे, तू घडी मोड. तिनं एकदा अंगाला लावायची, मग ती आपली. माझ्या प्रत्येक साडीची घडी कुणी ना कुणी मोडली आहे, जावेनं, शेजारच्या रजनीनं, आणि वंदना कॉलेजात होती तोवर वंदनानंच. सहा वर्षं झाली, पोरीच्या हातून माझ्या एकाही कपड्याची घडी मोडली गेली नव्हती. आणि उद्या सकाळी आम्ही निघणार. पुन्हा कधी भेट, कुणास ठाऊक. एवढा जन्मातला पहिला कोट, आणि त्याची घडी मी विमानात एकटीनं मोडू?

हे आंघोळीला गेले होते, आणि यांची आंघोळ स्तोत्रांसकट तासभर चालते. मी कोट काढला. आतल्या बाजूला कॉलरपाशी कुंकवाचं बोट लावलं, नव्या कपड्याला लावतो तसं. किमतीची चिठ्ठी लोंबत होती, ती कात्रीनं कापली. चिठ्ठी लोंबत घडी कुणी मोडतं का? वंदनाला म्हटलं, घाल. ती म्हणाली, "आई, बाबांना कळलं तर?" मी म्हटलं, तू घाल गं. तिनं घातला. काय सुरेख दिसत होती माझी पोर. आरशात बघून तिचे डोळे भरले, माझेही भरले, आणि मग ती म्हणाली, "अशीच जाऊन ब्रेड घेऊन येते." बाहेर पाऊस भुरभुरत होता. अर्ध्या तासानं आली तर कोटाचा घेर ओला आणि खिशात ब्रेडची पावती.

मग माझ्या तोंडचं पाणी पळालं. हेअर ड्रायरनं घेर वाळवला. चिठ्ठी सुईदोऱ्यानं पुन्हा शिवली. दोरा सापडला तो लाल. कुंकू पुसायला गेले तर आणखी पसरलं. शेवटी जशी होती तशी घडी घालून पिशवीत ठेवला आणि सगळं देवावर सोडलं.

विमानतळावर कस्टमच्या खिडकीपुढं रांग होती. पुढं दहाबारा माणसं. हे पिशवी छातीशी धरून उभे होते, चेहऱ्यावर असं समाधान, की नातीला पहिल्यांदा घेतलं तेव्हाही एवढं नव्हतं. मला म्हणाले, "भाईदासला शिक्क्याचा फोटो पाठवीन. पैसे महत्त्वाचे नाहीत, शिक्का महत्त्वाचा." रांग एकेक पाऊल सरकत होती. पुढं तीन माणसं राहिली तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. घडी, कुंकू, चिठ्ठी, ब्रेड, सगळं.

यांनी छातीशी धरलेली पिशवी खाली घेतली. मग म्हणाले, "मग आपल्याला रांगेतून बाहेर पडलं पाहिजे. माल वापरलेला आहे. दावा बसत नाही."

तिथं माझं डोकं फिरलं. मी हळूच बोलत होते, पण बोलले. "अर्धा तास पोरीनं अंगाला लावला तर तो वापरलेला? छत्तीस वर्षं तुमच्या नियमांची भांडी घासली मी. माझा भाऊ चार वर्षं माझ्या दारात आला नाही. एका दिवसासाठी. तेव्हाही तुम्ही म्हणालात, चहा ठेव. आजसुद्धा तुमचा नियमच मोठा. एकदा तरी माझ्या बाजूनं उभे राहा हो, एकदा. इथं तर तुम्हाला कुणी ओळखतही नाही."

हे रांगेतून बाहेर पडले नाहीत.

आमचा नंबर आला. खिडकीत एक तरुण बाई होती, केस मागं घट्ट बांधलेले. तिनं फॉर्म बघितला, पावती बघितली, पासपोर्ट बघितला. सगळं बरोबर. असणारच. मग कोट बाहेर काढायला सांगितला. तिनं उलटा केला आणि विचारलं, नवीन आहे ना? वापरला नाही ना?

मी यांच्याकडं बघितलं नाही, खाली बघत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर अख्खा चातुर्मास गेल्यासारखं वाटलं.

"न्यू, मॅडम," हे म्हणाले. "नॉट यूज्ड."

माय वं! माझा कानांवर विश्वास बसेना. त्या बाईचं बोट मात्र कॉलरपाशी थांबलं होतं. तो लाल डाग. तिनं विचारलं, हे काय?

आणि आमचे हे, ज्यांनी आयुष्यात कधी रेल्वेत पोराचं वयसुद्धा कमी सांगितलं नाही, शांतपणे म्हणाले, "कंपनी मार्क, मॅडम."

बाईनं डागाकडं बघितलं, लाल दोऱ्यानं शिवलेल्या चिठ्ठीकडं बघितलं, मग माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघितलं. तिला काय कळलं काय नाही, देव जाणे. ओठांच्या कोपऱ्यात हसली आणि धाडकन शिक्का मारला.

माझ्या मनात लाडू फुटत होते. अहो, त्या क्षणाला मला वाटलं, सगळं फिटलं. चार दिवाळ्या फिटल्या. मला वाटत होतं, तिथंच सगळ्यांना ओरडून सांगावं, माझा नवरा माझ्यासाठी खोटं बोलला, दोनदा बोलला.

पैसे मिळायची खिडकी पुढं होती. मी दोन पावलं उड्या मारतच गेले असेन. मागं वळून बघते तर हे नाहीत. हे भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले होते. चष्मा काढलेला, हातात तो शिक्क्याचा फॉर्म. तोंड असं झालं होतं, जणू शाळेत पहिल्यांदा छडी खाल्लेलं पोर. मी जवळ गेले तर मला म्हणाले, "कुसुम, तिला कळलं असेल का गं?" मी म्हटलं, नाही हो, नाही कळलं. थोड्या वेळानं पुन्हा, "त्या डागाचं मी उगाच बोललो. नुसतं माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं." मग पुन्हा, "तिनं वर कळवलं तर वंदनाला त्रास होईल का?" मी पाणी दिलं. पाणी सांडलं शर्टावर, यांना कळलंसुद्धा नाही.

मी छत्तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते मला मिळालं होतं आणि मला ते नको होतं. हा माणूस असा वाकडातिकडा बघवेना. माझा तो खडूस, आपत्तीवाला, चहा ठेव म्हणणारा नवराच बरा होता. निदान रात्री शांत झोपायचा तरी.

मी यांच्या हातातून फॉर्म घेतला आणि टरकन फाडला. दोनाचे चार केले, चाराचे आठ केले.

हे ताडकन उभे राहिले. "अगं! शिक्क्याचा कागद! सरकारी शिक्का आहे त्यावर! सरकारी शिक्क्याचा कागद फाडतात का? कुठल्या राज्यात राहतेस तू?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी म्हटलं, फाडला, आता काय करता? हे खाली वाकले आणि एकेक तुकडा वेचायला लागले. आठही तुकडे मोजून प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वर पावती ठेवली, आणि तोवर यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. रागानं का होईना, आला होता. मी कोट अंगात घातला आणि पुढं चालायला लागले. हे मागून बोलत येत होते.

विमान वर गेलं तरी बोलणं थांबलं नव्हतं. दावा मागं घ्यायचा असेल तर अर्ज करून घेता येतो. त्यासाठी रीत असते. फाडणं ही रीत नाही. कागद रद्द करायचा तर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहायचं, खाली सही, तारीख. हवाईसुंदरीनं जेवण आणलं तेव्हा तेवढे थांबले, आणि हात पुसून पुन्हा सुरू. मी हूं हूं करत होते. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

बऱ्याच वेळानं आवाज थांबला. मला वाटलं झोपले. पण जागे होते. समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "निंबाच्या वेळी जमलं नाही मला. रोज वाटायचं, पण जमलं नाही. आज म्हटलं, एकदा तरी तुझ्या बाजूनं सही करावी."

मी त्यांचा हात धरला. विमानात, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. म्हटलं, "झाली. पोचली मला. आता पुन्हा करू नका."